जीआरईत क्वांट १६३ आलेत, पुन्हा परीक्षा द्यावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षात नुकतंच पाऊल टाकलंय, सीजीपीए ८.२. जीआरईत, म्हणजे पदव्युत्तर प्रवेशासाठी द्यायच्या परीक्षेत, क्वांट (गणिताचा भाग) १६३, व्हर्बल (इंग्रजीचा भाग) १५०, लेखनाला ३.५. अमेरिकेत स्टॅटिस्टिक्स किंवा डेटा सायन्सच्या मास्टर्सला अर्ज करायचेत, आणि जमलं तर एक-दोन ठिकाणी थेट स्टॅटिस्टिक्सच्या पीएचडीला. कन्सल्टन्सीवाले म्हणतात, ३२० च्या खाली चांगलं विद्यापीठ विसरा. आणि वडील विचारतायत की परीक्षेची फी परत भरायची, की त्याच पैशात आणखी दोन विद्यापीठांना अर्ज करायचे.

मी अमेरिकेतल्या मध्यपश्चिमेकडच्या एका स्टेट युनिव्हर्सिटीत स्टॅटिस्टिक्स शिकवते आणि बरीच वर्षं आमच्या विभागाच्या प्रवेश समितीवर आहे. भारतातून आलेले अर्ज साहजिकच माझ्याकडे जास्त येतात. तेव्हा पुढे जे लिहितेय ते एका मधल्या फळीतल्या विभागाच्या बाजूने दिसलेलं आहे. पहिल्या पाच-सात नावांमध्ये स्पर्धा वेगळी असते, आणि निव्वळ फी भरून करायच्या मास्टर्समध्ये गणितं वेगळी असतात. तो फरक जिथे येईल तिथे सांगते.

आधी त्या ३२० बद्दल. क्वांट आणि व्हर्बल यांची बेरीज ही परीक्षा घेणाऱ्या ईटीएसच्या अधिकृत गुणपत्रकावर कुठेही छापलेली नसते. दोन्ही विभागांचे गुण १३० ते १७० या पट्टीवर वेगवेगळे येतात, लेखनाचे शून्य ते सहामध्ये तिसरीकडे. बेरीज करण्याची सवय आपल्याकडच्या क्लासेसची आणि कन्सल्टन्सीची. आमच्या समितीत ती बेरीज कुणी केलेली मी पाहिलेली नाही, कारण तिला अर्थच नसतो. क्वांट १७० आणि व्हर्बल १५० असलेला विद्यार्थी आणि दोन्हीकडे १६० असलेला विद्यार्थी, दोघांची बेरीज ३२० च. स्टॅटिस्टिक्सच्या विभागाला मात्र हे दोन अर्ज अगदी वेगळे दिसतात. तुम्ही ३१३ वरून ३२० कसे करायचे याचा विचार करत व्हर्बलचे शब्द पाठ करायला बसला असाल, तर ते आजच थांबवा.

मुळात आपण सगळे सीईटी, जेईई, गेट या वळणाने मोठे झालो. तिथे गुणांवरून क्रमांक ठरतो आणि क्रमांकावरून जागा. कॅप राउंडची कटऑफ यादी लागली की एका गुणाने कॉलेज बदलतं. म्हणून '१६३ ला कुठलं विद्यापीठ मिळेल' असा प्रश्न मनात येणं स्वाभाविक आहे. अमेरिकेतल्या पदव्युत्तर प्रवेशात असा कॅप राउंड नसतो. अर्ज विभागातली चार-पाच प्राध्यापक मंडळी वाचतात, आणि वाचताना त्यांच्या मनात शंका येत जातात. याला गणित झेपेल का? पहिल्या सत्रात नापास होऊन परत जाणार नाही ना? टीएचं, म्हणजे सहायक शिक्षकाचं, काम दिलं तर वर्गात उभा राहून शिकवू शकेल का? परीक्षेचा स्कोअर यातली एखादी शंका मिटवतो, किंवा नवी निर्माण करतो. त्यापलीकडे त्याला फारसं काही जमत नाही. म्हणून तुम्हाला ठरवायचंय ते एवढंच: तुमच्या अर्जात कोणती शंका शिल्लक राहते, आणि ती जीआरईने मिटण्यासारखी आहे का.

ते कळायला तुमचा अर्ज आमच्याकडे कसा वाचला जाईल ते दाखवते. मी सगळ्यात आधी ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे विषयवार गुणांचा उतारा, उघडते. एकूण सीजीपीएकडे नजर जाते, पण थांबते ती गणिताच्या विषयांवर. तुमच्या ट्रान्सक्रिप्टवर दिसणार 'इंजिनिअरिंग मॅथेमॅटिक्स एक, दोन, तीन' आणि 'डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स'. एम-वनमध्ये मॅट्रिक्सची रँक आणि आयगेनव्हॅल्यू येतात, एम-थ्रीमध्ये लिनियर डिफरन्शियल इक्वेशन, ट्रान्सफॉर्म्स, वर थोडी प्रोबॅबिलिटी, हे मला माहीत आहे कारण मी महाराष्ट्रातली आहे. माझ्या शेजारी बसलेल्या सहकाऱ्याला, ज्याचं शिक्षण कोरियात किंवा ओहायोत झालं, त्याला 'मॅथेमॅटिक्स तीन' म्हणजे काय याचा काहीही अंदाज नसतो. तो शोधतो लिनियर अल्जिब्रा, मल्टिव्हेरिएबल कॅल्क्युलस, प्रोबॅबिलिटी, आणि पीएचडी असेल तर रिअल ॲनालिसिस. ही नावं त्याला दिसत नाहीत. मग त्याची नजर जीआरईच्या क्वांटकडे वळते, आणि तिथे १६३.

इथे तुमची खरी अडचण आहे. भारतीय सांख्यिकी संस्थेतून किंवा चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटमधून आलेल्या विद्यार्थ्याचं क्वांट १६३ असतं, तरी समितीतल्या कुणी ते मनावर घेतलं नसतं. तिथल्या ट्रान्सक्रिप्टवर ॲनालिसिस आणि मेझर थिअरी (मापन सिद्धांत) स्वच्छ लिहिलेली असते आणि तिथलं गणित काय दर्जाचं असतं हे स्टॅटिस्टिक्सच्या जगात सगळ्यांना माहीत आहे. पुण्याच्याच एखाद्या कॉलेजात बीएस्सी-एमएस्सी स्टॅटिस्टिक्स केलेल्या मुलीचंही तसंच. इन्फरन्स, लिनियर मॉडेल्स असे विषय तिच्या ट्रान्सक्रिप्टवर नावानिशी असतात. इंजिनिअरिंगवाल्याचं गणित मात्र 'एम-वन, एम-टू, एम-थ्री'च्या आत दडलेलं असतं. म्हणून स्कोअरवरचा भार वाढतो. तोच आकडा एका अर्जात बिनमहत्त्वाचा आणि दुसऱ्यात जड, असं होतं ते यामुळे.

आता १६३ म्हणजे नेमकं काय, तेही बघू. जीआरईच्या क्वांटमध्ये अंकगणित, बीजगणित, भूमिती, आलेख-तक्ते वाचणं आणि प्राथमिक संख्याशास्त्र व प्रोबॅबिलिटी एवढंच असतं. कॅल्क्युलस नाही, त्रिकोणमितीही नाही. दहावी-अकरावीच्या पलीकडचं काही विचारतच नाहीत. तरी गुण जातात, कारण प्रश्न निसरडे असतात. एक नमुना बघा. दिलंय की क्ष चा वर्ग क्ष पेक्षा मोठा आहे. पहिली राशी क्ष, दुसरी राशी १. मोठी कोणती? घाईत असलेला विद्यार्थी दोन्ही बाजूंना क्ष ने भागतो, क्ष एकापेक्षा मोठा असं उत्तर काढतो आणि पुढे जातो. क्ष उणे असू शकतो हे त्याच्या लक्षात येत नाही. उणे दोनचा वर्ग चार, तो उणे दोनपेक्षा मोठाच. म्हणजे क्ष एकापेक्षा मोठा असेल किंवा शून्यापेक्षा लहान असेल, आणि योग्य उत्तर 'दिलेल्या माहितीवरून ठरवता येत नाही' हे आहे. इंजिनिअरिंगची चार वर्षं या प्रश्नाला मदत करत नाहीत. असमानतेला अज्ञात संख्येने भागताना हात थबकला पाहिजे, ही सवय मदत करते.

सप्टेंबर २०२३ पासून ही परीक्षा आखूड झाली. पूर्वी पावणेचार तास चालायची, आता दोन तासांपेक्षाही कमी. क्वांटचे एकूण २७ प्रश्न, ४७ मिनिटांत: पहिल्या भागात १२ प्रश्नांना २१ मिनिटं, दुसऱ्यात १५ प्रश्नांना २६ मिनिटं. दुसरा भाग किती अवघड मिळणार हे पहिल्या भागावर ठरतं. पहिल्यात बऱ्याच ठिकाणी घसरलात तर दुसरा भाग सोपा येतो, आणि मग तो पूर्ण बरोबर सोडवला तरी वरच्या गुणांपर्यंत पोचता येत नाही. प्रश्न कमी झाल्यामुळे एकेका चुकीचं वजन वाढलं. म्हणून १६७ आणि १६९ यांत मी काहीही फरक मानत नाही, आणि ईटीएसदेखील विभागांना हेच सांगते की थोड्याशा फरकावरून दोन उमेदवारांची तुलना करू नका, एकट्या कटऑफवर कुणाला बाद करू नका. सगळे विभाग ते ऐकतात असं मात्र नाही.

१६३ आणि १६८ यांत मात्र मी फरक मानते, आणि त्याचं कारण पर्सेंटाइल. क्वांटमध्ये पूर्ण १७० मिळवले तरी पर्सेंटाइल आज नव्वदीच्या जरा वर थांबतो, म्हणजे परीक्षा देणाऱ्यांपैकी बरेच जण थेट छताला टेकतात. तुमचे १६३ साठीच्या घरात येतात. दहा-बारा वर्षांपूर्वी याच १६३ ला ऐंशीच्या वरचा पर्सेंटाइल मिळायचा. गणित सोपं झालेलं नाही, परीक्षा देणारी मंडळी बदलली. इतिहास, साहित्य, जीवशास्त्र अशा विषयांच्या विभागांनी जीआरई सोडून दिली, त्यामुळे तिकडचे विद्यार्थी परीक्षेला बसेनासे झाले. उरले ते बहुतांश आपल्यासारखे, गणितात बरे असलेले. जुन्या ब्लॉगवर किंवा मोठ्या भावाच्या वहीत 'स्टॅट्सला १६३ चालतात' असं लिहिलेलं सापडलं तर ते त्या काळातलं आहे. व्हर्बलचं उलट: तिथे १६० ला आजही ऐंशीच्या वर पर्सेंटाइल मिळतो, आणि स्टॅटिस्टिक्सचा विभाग तो मागतही नाही.

तुम्ही विचाराल, मग 'जीआरईचा काही उपयोग नाही, संशोधनाने सिद्ध झालंय' असं जे सगळीकडे वाचायला मिळतं त्याचं काय? हा माझ्या आवडीचा विषय, जरा सविस्तर सांगते. नेथन कुन्सेल आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये आधीचे सगळे अभ्यास एकत्र करून पाहिले, जवळजवळ ८३ हजार विद्यार्थ्यांची माहिती त्यात होती. पदव्युत्तर शिक्षणातले गुण, विभागाच्या सर्वंकष परीक्षा, प्राध्यापकांनी केलेलं मूल्यमापन, या सगळ्यांचा काही ना काही अंदाज जीआरईवरून येतो असं त्यांना दिसलं, आणि विषयवार परीक्षांवरून तो जास्त चांगला येतो. मग २०१९ मध्ये केसी मिलर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या फिजिक्सच्या पीएचडी विद्यार्थ्यांवर निबंध प्रसिद्ध केला: पीएचडी पूर्ण होणार की नाही हे जीआरईवरून प्रवेश समित्या समजतात तितकं सांगता येत नाही. या निबंधाचा परीक्षा रद्द करण्याच्या चळवळीत खूप वापर झाला. पुढच्याच वर्षी त्याच नियतकालिकात मायकेल वाइसमन यांनी त्यातल्या संख्याशास्त्रीय पद्धतीवर नेमकं बोट ठेवलं.

त्यांच्या आक्षेपांमागचा एक मुद्दा समजायला सोपा आहे. महाराष्ट्र पोलीस भरतीत पुरुषांना १६५ सेंटिमीटर उंचीची अट असते. भरती झालेल्या शिपायांमध्ये उंची आणि कामगिरी यांचा संबंध शोधायला गेलात तर बहुधा काहीच सापडणार नाही, कारण बुटकी माणसं आधीच गाळली गेली आहेत आणि उरलेल्यांच्या उंचीत फारसा फरक नाही. त्यावरून 'उंचीची अट योग्य आहे' असंही सिद्ध होत नाही आणि 'अट निरर्थक आहे' असंही नाही. प्रवेश मिळालेल्या विद्यार्थ्यांचंही असंच. आमच्याकडे आलेले जवळपास सगळे १६५ च्या वर. त्यांच्यात कोण उत्तम निघेल हे क्वांटवरून मला आजवर कधी सांगता आलेलं नाही. शिवाय ज्याचा स्कोअर कमी असूनही त्याला घेतलं, त्याच्याकडे दुसरं काहीतरी भक्कम होतं म्हणूनच घेतलं. मग तो चांगला निघाला तर नवल काय? तेव्हा माझं मत असं की ठरावीक पातळीच्या खाली हा आकडा काहीतरी सांगतो, त्या पातळीच्या वर गप्प बसतो. आणि पीएचडी पूर्ण होणं हे चिकाटी, मार्गदर्शक, पैसा, तब्येत यांच्यावर इतकं अवलंबून असतं की दोन तासांच्या परीक्षेकडून ती अपेक्षा करणंच चूक.

एमआयटीने मार्च २०२२ मध्ये पदवीच्या प्रवेशासाठी सॅट किंवा एसीटी ही प्रवेशपरीक्षा परत सक्तीची केली. तो वेगळ्या पातळीवरचा प्रवेश आहे, पण त्यांनी दिलेलं कारण तुमच्या बाबतीत लागू पडतं. ज्यांच्या शाळेत पुढचं गणित शिकवतच नाहीत अशा मुलांना आपली तयारी दाखवायला परीक्षा हे एक साधन मिळतं, असं त्यांचं म्हणणं होतं. समितीला अनोळखी असलेल्या कॉलेजातून येणाऱ्या विद्यार्थ्याला परीक्षा मदत करू शकते. नावाजलेल्या संस्थेतून येणाऱ्याला तिची गरज कमी.

आता मास्टर्स आणि पीएचडी यांतला फरक. मास्टर्सचे बरेचसे प्रोग्रॅम विद्यार्थ्यांच्या फीवर चालतात. तिथे अर्ज खूप येतात, वाचणारे कमी, आणि म्हणून आकड्यांकडे पाहून पहिली चाळणी लावली जाण्याची शक्यता जास्त. फायनान्शियल इंजिनिअरिंगसारख्या मास्टर्समध्ये तर मी पाहिलेले बहुतेक यशस्वी अर्ज १६८ च्या वरचे होते. पीएचडीत विभाग तुमच्यावर पाच वर्षं पैसे खर्च करणार असतो. तिथे प्रत्येक अर्ज दोन-तीन जण नीट वाचतात, आणि शिफारसपत्रं व ॲनालिसिसचे गुण यांच्यापुढे क्वांटचा आकडा मागे पडतो. अर्थशास्त्राच्या पीएचडीत मात्र क्वांटकडे अजूनही काटेकोरपणे पाहतात. कॉम्प्युटर सायन्समध्ये उलटी गंगा: २०२० मध्ये कोविडने केंद्रं बंद पडल्यावर अनेक विभागांनी परीक्षेची अट काढली ती पुन्हा आणलीच नाही, आणि जॉर्जिया टेकचं ऑनलाइन मास्टर्स तर आधीपासून जीआरई मागतच नाही.

म्हणून तुमच्या यादीतल्या प्रत्येक विभागाच्या पानावर जाऊन शब्द काळजीपूर्वक वाचा. 'आवश्यक', 'ऐच्छिक', 'शिफारस केली जाते' आणि 'स्वीकारत नाही' हे चार वेगळे प्रकार आहेत. ग्रॅज्युएट स्कूलचं पान एक सांगतं आणि विभागाचं पान दुसरं, असंही होतं. विभागाचं खरं धरा, आणि शंका असेल तर तिथल्या ग्रॅज्युएट कोऑर्डिनेटरला दोन ओळींची ईमेल करा. 'ऐच्छिक' असेल तर माझा सल्ला सरळ आहे: आजचे १६३ पाठवू नका. १६७ किंवा जास्त आले तर जरूर पाठवा, कारण तुमच्या ट्रान्सक्रिप्टवर गणित नीट दिसत नाही. 'शिफारस केली जाते' असं असेल तर न पाठवणं खटकतं, तिथे जे असेल ते पाठवा.

जीआरईची फक्त गणितावरची वेगळी परीक्षा असते, मॅथेमॅटिक्सची सब्जेक्ट टेस्ट. तिच्याबद्दलही तुम्ही ओझरतं विचारलंय. त्या परीक्षेत ६६ प्रश्न असतात, वेळ दोन तास पन्नास मिनिटं, गुण २०० ते ९९० च्या पट्टीवर. निम्मे प्रश्न कॅल्क्युलसचे, पाव भाग लिनियर आणि ॲबस्ट्रॅक्ट अल्जिब्राचा, उरलेल्यात ॲनालिसिस, टोपॉलॉजी, प्रोबॅबिलिटी वगैरे. शुद्ध गणिताच्या पीएचडीला जाणाऱ्यासाठी आणि स्टॅटिस्टिक्सच्या अगदी वरच्या विभागांसाठी ती मोलाची आहे, साध्या जीआरईपेक्षा कितीतरी जास्त सांगते. पण ग्रुप, रिंग, टोपॉलॉजी यांच्याशी ओळख नसताना दोन-तीन महिन्यांत तिच्या मागे लागून तुमचं शेवटचं वर्ष बिघडवू नका. वर्गात शिकून मग ही परीक्षा देणाऱ्यांशी तुमची तुलना होणार आहे.

त्याऐवजी हेच तास दुसरीकडे लावा. एनपीटीईएलवर, म्हणजे आयआयटींच्या ऑनलाइन कोर्सेसच्या व्यासपीठावर, रिअल ॲनालिसिसचा आणि प्रोबॅबिलिटीचा कोर्स आहे. आत्ता जुलै आहे, सत्राची नोंदणी करता येईल. केंद्रावर जाऊन देखरेखीखालची परीक्षा द्या, नुसते व्हिडिओ बघून प्रमाणपत्राशिवाय सोडू नका. अमेरिकेतल्या प्रत्येक सहकाऱ्याला एनपीटीईएल माहीत असतं असं नाही, पण आयआयटीच्या प्राध्यापकाने शिकवलेला, प्रत्यक्ष परीक्षा झालेला कोर्स, असं एका ओळीत लिहिलं की तो त्याची दखल घेतो. आणखी एक काम करा. एम-वन ते एम-थ्री आणि डिस्क्रीट यांच्या अभ्यासक्रमाचा एका पानाचा तक्ता बनवा: विषयाचं नाव, त्यात शिकवलेले मुद्दे, वापरलेलं पुस्तक, मिळालेली ग्रेड. 'रँक, आयगेनव्हॅल्यू, डायगोनलायझेशन' हे शब्द तिथे दिसू द्या. असा तक्ता असलेले अर्ज माझ्यासमोर फार कमी येतात, आणि जे येतात त्यांच्याबद्दल समितीत मला वकिली करावी लागत नाही.

शिफारसपत्रांबद्दल थोडंच सांगते. एचओडींच्या सहीचं, 'हार्डवर्किंग अँड सिन्सिअर' असलेलं पत्र आम्ही दहा सेकंदांत वाचून बाजूला ठेवतो. गणित किंवा अल्गोरिदम शिकवलेल्या, तुम्हाला नावाने ओळखणाऱ्या तरुण मॅडमनी 'याने अमुक सिद्धता फळ्यावर येऊन स्वतः मांडली' असं लिहिलं तर तेवढं एक वाक्य १६३ ची भरपाई करू शकतं.

आणि इंग्रजी बोलण्याचा स्कोअर. टोफेलच्या स्पीकिंगकडे आपल्याकडची मुलं शेवटच्या आठवड्यात बघतात. स्टेट युनिव्हर्सिटीत टीएशिप मिळायची तर बोलण्याच्या गुणांची किमान अट असते, काही राज्यांत तसा कायदाच आहे. क्वांट १७० आणि ॲनालिसिसमध्ये उत्तम ग्रेड असलेल्या विद्यार्थ्याला प्रवेश दिला आणि स्पीकिंग कमी म्हणून टीएशिप देता आली नाही, असं आमच्याकडे घडलेलं आहे. पीएचडीला अर्ज करणार असाल तर व्हर्बलवर जो वेळ घालवणार होतात तो इथे घालवा: रोज कुणालातरी एखादी संकल्पना पाच मिनिटं इंग्रजीत समजावून सांगा, आणि ते रेकॉर्ड करून ऐका.

अमेरिकेबाहेरचा विचार असेल तर गेट विसरू नका. सिंगापूरच्या एनयूएस आणि एनटीयू या विद्यापीठांच्या अनेक विभागांत भारतीय विद्यार्थ्यांची गेट जीआरईऐवजी चालते. कॉम्प्युटरवाल्यांना ती तयारी तशीही करायचीच असते, आणि २०२४ पासून 'डेटा सायन्स आणि कृत्रिम बुद्धिमत्ता' हा वेगळा पेपरही आला आहे. त्यात लिनियर अल्जिब्रा आणि प्रोबॅबिलिटी खऱ्या अर्थाने विचारतात, त्यामुळे ती तयारी वाया जात नाही.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे. क्वांटसाठी परीक्षा एकदा पुन्हा द्या, एकदाच. तुमच्या अर्जातली शिल्लक शंका गणिताची आहे, आणि १६३ ती वाढवतात. पुन्हा दिल्याने तोटा नाही: दोन परीक्षांमध्ये २१ दिवसांचं अंतर लागतं, गुण पाच वर्षं चालतात, आणि कोणत्या तारखेचे गुण पाठवायचे हे तुम्ही निवडू शकता, जुने कुणाला दिसत नाहीत. तयारी मोजकी ठेवा. मागच्या सगळ्या सरावातले फक्त चुकलेले प्रश्न एका वहीत उतरवा आणि प्रत्येकापुढे चूक कशी झाली ते लिहा: उणे संख्या विसरलो, शून्य विसरलो, 'पूर्णांक' असं दिलेलं नसताना धरून चाललो, प्रश्नात विचारलेलं एक आणि काढलं दुसरं. पन्नासेक प्रश्नांनंतर तुमच्या त्याच त्या तीन-चार चुका समोर येतात. सप्टेंबरअखेर परीक्षा उरका, म्हणजे डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यातल्या पीएचडीच्या मुदतींपूर्वी एसओपी (अर्जासोबतचं हेतुपत्र) आणि शिफारसपत्रांना मोकळा वेळ मिळेल.

वडिलांच्या प्रश्नाचं उत्तर असं. फी दोनशे डॉलरच्या वर आहे, म्हणजे खरंच दोन अर्जांच्या आसपास, आणि ते घरातले पैसे आहेत. तेव्हा फी भरण्याआधी ईटीएसच्या पॉवरप्रेपच्या दोन फुकट चाचण्या घड्याळ लावून, सलग, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून द्या. त्या आधीच वापरल्या असतील तर त्यांचीच विकतची एक घ्या, क्लासच्या चाचण्यांवर विसंबू नका. तिथे क्वांट १६७ किंवा वर आले तर फी भरा. १६४-१६५ वरच अडकलात तर परीक्षा सोडा, त्या पैशात जीआरई न मागणाऱ्या दोन विभागांना अर्ज करा, आणि ॲनालिसिसच्या कोर्सला बसा.